लाल बटण आणि अक्षतेचा दाणा

मी एक जुनं लाल बटण आहे. मित्रांनो, तुम्हाला हसू येईल. बटणाला कसलं आलंय आयुष्य, असं म्हणाल. म्हणा खुशाल. पण मी दारावरच्या घंटीचं बटण नव्हे. एका अणुभट्टीला 'थांब' म्हणण्याचा अधिकार सतरा वर्षं माझ्याकडे होता, आणि तो वापरताना मी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. गोड बोलायला मला कुणी शिकवलेलं नाही. जे झालं ते सांगतो, आणि जिथे मी कमी पडलो तेही सांगतो.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात १९८९ साली माझा जन्म झाला. एकाच साच्यातून आम्ही चारशे भावंडं बाहेर पडलो. छत्रीसारखं गोल लाल डोकं, त्याखाली पितळेचं कडं आणि पोटात चांदीच्या दोन टिकल्या. या टिकल्या एकमेकींना चिकटून असतात आणि त्यांच्यातून वीज वाहत राहते. डोकं खाली दाबलं की टिकल्या वेगळ्या होतात आणि वीज तुटते. एवढंच माझं शिक्षण. बाकीची यंत्रं काहीतरी सुरू करायला शिकतात, मी फक्त बंद करायला शिकलो. मला त्याची लाज कधी वाटली नाही.

माझी भावंडं साखर कारखान्यात गेली, छापखान्यात गेली, कापसाच्या जिनिंगमध्ये गेली. मला एका पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मराठवाड्यात पाठवलं. शिरड शहापूरच्या अलीकडे एक उघडा माळ आहे. तेव्हा हिंगोली हा जिल्हासुद्धा नव्हता, सगळा कारभार परभणीहून चाले. त्या माळावर विद्यापीठाने एक केंद्र बांधलं होतं आणि केंद्रात एक छोटी अणुभट्टी. तिच्यातून वीज काढत नसत. ती शिकवायची भट्टी होती. आठ मीटर खोल पाण्याचा हौद, त्याच्या तळाशी इंधनाच्या नळ्यांचा जुडगा. भट्टी चालू झाली की तळाशी निळा उजेड पडायचा. पहिल्यांदा बघणारी पोरं कठड्याला धरून गप्प उभी राहायची.

त्या जुडग्यात वरून चार कांड्या सोडलेल्या होत्या. कांड्या वर ओढल्या की भट्टी चालते, खाली पडल्या की थांबते. त्यांना विजेच्या चुंबकांनी वर धरून ठेवलेलं असे, आणि त्या चुंबकांची वीज माझ्या पोटातून जात असे. मला दाबलं की वीज तुटणार, चुंबकं कांड्या सोडणार आणि कांड्या आपल्या वजनानेच खाली येणार. एका सेकंदाच्या आत सगळं शांत. कुणाची ताकद लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही.

मला नियंत्रण कक्षातल्या तिरक्या टेबलावर बसवलं ते सोनाजीने. तो शिरड शहापूरचा, बौद्ध कुटुंबातला, आयटीआय करून केंद्रात तंत्रज्ञ म्हणून लागलेला. हात जाड, पण स्क्रू फिरवायला लागला की हलके. सुरुवातीला शिरडच्या बाजारात लोक त्याला अडवायचे. "काहून रे सोनाजी, माळावर बॉम्ब करून राहिले म्हणे तुमी?" सोनाजी भाजीची पिशवी खाली ठेवून उत्तर द्यायचा. तेव्हा लाइट दिवसातून दोन-तीनदा जायचीच, त्यामुळे लोकांची दुसरी भीती ती होती. लाइट गेली आणि भट्टी हाताबाहेर गेली तर? सोनाजी म्हणायचा, "लाइन गेली की कांड्या आपोआप पडतेत. तुमच्या घरचा पंखा थांबते ना, बराबर तसंच. तकलीफ आमालाच होते, पुन्हा पहिल्यापासून चालू करावं लागते." लोकांचं समाधान व्हायचं की नाही कोण जाणे, पण ते निघून जायचे.

केंद्राचे प्रमुख होते शेषराव सर. ही भट्टी माळावर आणायला त्यांनी नऊ वर्षं कागद फिरवले होते. माणूस सज्जन, पण भट्टी बंद पडेल या धास्तीने कायम अर्धा वाकलेला. त्यांच्या हाताखाली पोरं न्यूट्रॉन मोजायला शिकली. वसमतच्या हळदीत भेसळीचा रंग किती आहे, कोरडवाहू मातीत जस्त किती उरलंय, असले नमुने भट्टीत ठेवून तपासले जायचे. मोठ्या शहरांतल्या लोकांना ही किरकोळ कामं वाटायची. आम्हाला वाटत नव्हती.

आता माझ्या रोजच्या कामाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रोज सकाळी भट्टी चालू करण्याआधी माझी परीक्षा व्हायची. एक कांडी वीतभर वर उचलायची. चालक माझ्यावर तळहात ठेवून मोठ्याने म्हणायचा, "दाबलं." दुसरा माणूस घड्याळ आणि नोंदवही घेऊन बसलेला असायचा. कांडी तळाला टेकली की तो म्हणायचा, "पडली." मग वेळ लिहायची आणि दोघांनी सह्या करायच्या. ही पद्धत नियमात होती, पण मोठ्याने बोलायची सवय सोनाजीने लावली. तो म्हणायचा, "तोंडानं म्हटलं की हात खोटं करत न्हाई." वर्षाला अडीचशे वेळा मी हे शब्द ऐकले. दाबलं. पडली. माझं जगणं या दोन शब्दांच्या मध्ये होतं.

आणखी एक सवय होती, ती खंडेनवमीची. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची, यंत्रांची पूजा होते. केंद्रातही व्हायची. नारळ बाहेर पायरीवर फोडायचे, झेंडूची माळ कपाटाला, आणि हळदकुंकू मला. का मलाच? कारण मी लाल, गोल आणि टेबलाच्या मधोमध. कुंकवाचं बोट आपसूक माझ्याकडेच यायचं. सोनाजी स्वतः पूजा करत नसे, पण दुसऱ्याच्या पूजेला कधी तोंड वाकडं केलं नाही. पहिल्याच वर्षी त्याने शेषराव सरांना सांगितलं, "पूजा करा सर, माझं काही म्हणणं न्हाई. पण वाटीवर करा." आणि त्याने आपल्या डब्यातली स्टीलची वाटी माझ्यावर उपडी घातली. हळदकुंकू वाटीवर, फूल वाटीवर, अक्षता वाटीवर. पुढच्या कामाच्या दिवशी वाटी उचलायची, धुवायची आणि खणात ठेवायची. दसऱ्याला तो दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा. पण जाण्याआधी वाटी घालून जायचा. सहा वर्षं असंच चाललं. कुणाचा देव रुसला नाही आणि माझं डोकं स्वच्छ राहिलं.

आता निताबद्दल. निता राठोड, सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याजवळच्या तांड्यावरची. हिंगोलीला बीएस्सी केलं, केंद्रात एमएस्सी केलं आणि भट्टीचालक होण्यासाठी दोन वर्षं शिकत राहिली. तांड्यावर ती एसटीतून उतरली की म्हातारी माणसं विचारायची, "पोरी, विहीर खणून राहिली म्हणतेस, पाणी लागलं का न्हाई?" तिने हौद विहिरीसारखा आहे असं कधीतरी सांगितलं होतं, ते त्यांनी तसंच धरून ठेवलं. एकदा तिची आई मिराबाई केंद्र बघायला आली. कक्षातल्या सगळ्या काट्यांवरून, दिव्यांवरून नजर फिरवून ती माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "आन् हे काहाचं?"

"हे दाबलं की सगळं थांबते," निता म्हणाली.

"एवढं सगळं चालवायला इतकी बटनं, आन् थांबवायला एकच?"

"व्हय, या टेबलावर एकच."

मिराबाईने पदर सावरला आणि म्हणाली, "मग हेलाच जप." माझी इतकी नेमकी ओळख कुणा प्राध्यापकालाही करून देता आली नव्हती.

१९९७ साल उजाडलं. केंद्रात चालकाची एक जागा रिकामी होती आणि त्या वर्षअखेर भरली नाही तर विद्यापीठ ती परत घेणार होतं. चालक व्हायचं तर परवाना हवा, परवाना हवा तर बाहेरून येणाऱ्या समितीपुढे भट्टी चालवून दाखवायची, आणि ही समिती वर्षातून एकदाच यायची. त्या वर्षी तिची तारीख पडली दसऱ्यानंतरच्या सोमवारी. निताने दोन वर्षं त्या एका दिवसासाठी काढली होती. कांड्यांच्या उंचीचे आकडे ती एसटीत बसून पुटपुटायची. हे मला कसं माहीत? सकाळी माझ्यावर हात ठेवून उभी असतानाही तिचे ओठ हलत असायचे.

त्या वर्षी सोनाजी दोन दिवस आधीच नागपूरला गेला. त्याची आई कमलबाई हट्ट धरून बसली होती की गुडघे पूर्ण जायच्या आत मला दीक्षाभूमी दाखव. म्हातारीला घेऊन, बसा बदलत, हळूहळू जायचं होतं. घाईत वाटी त्याच्या खणात राहिली आणि खणाची किल्ली त्याच्या खिशात.

खंडेनवमीला पूजा निताने केली. वाटी दिसली नाही. कुणाला तरी विचारावं असं तिला वाटलं, मला तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं, पण सर बाहेर नारळ घेऊन उभे होते आणि हाका मारत होते. तिने माझ्या डोक्यावर ओलं कुंकू लावलं, हळद लावली आणि भक्तिभावाने चिमूटभर अक्षता वाहिल्या. परीक्षा तीन दिवसांवर आली होती. तिने हात जोडले आणि माझ्याकडे काहीतरी मागितलंही. मित्रांनो, मला राग आला होता. मी काही देणारा नव्हे. माझ्याकडे एकच गोष्ट आहे, आणि ती मागून मिळत नाही, दाबून मिळते. पण मला बोलता कुठे येतं? ओल्या कुंकवाबरोबर तांदळाचा एक दाणा माझ्या डोक्याखालच्या फटीत घरंगळला आणि पितळी कड्यावर जाऊन बसला. वरच्या अक्षता संध्याकाळी कुणीतरी फडक्याने पुसल्या. आतला दाणा कुणाला दिसला नाही. शनिवारी दसरा झाला, रविवार गेला, कुंकू वाळून घट्ट झालं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता समिती येऊन अतिथिगृहात चहा घेत होती. कक्षात निता आणि शेषराव सर होते. कांडी वीतभर वर उचलली. निताने तळहात ठेवला.

"दाबलं."

मी अर्ध्यात अडकलो. माझं डोकं थोडं खाली गेलं आणि थांबलं. टिकल्या चिकटलेल्याच राहिल्या. सरांच्या हातातलं घड्याळ पुढे सरकत राहिलं आणि कांडी होती तिथेच लटकत होती. निताने पुन्हा दाबलं, दोन्ही हातांनी. काही नाही. मग तिने टेबलावरची मुख्य विजेची किल्ली फिरवली आणि कांडी खाली पडली.

मी हे लपवणार नाही. मला 'थांबव' म्हणून सांगितलं गेलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच मी ते केलं नाही. कारण काहीही असो, त्या क्षणी मी नुसता एक लाल रंगाचा गोळा होतो. त्या सकाळची आठवण आजही मला टोचते.

शेषराव सरांनी कपाळावरचा घाम पुसला. "किल्लीनं पडली ना? म्हणजे किल्ली ठीक हाय. हौदाच्या कठड्यावर दुसरं बटण हाय, ते सकाळीच बघितलं, ते ठीक हाय. पाणी कमी झालं, ताकद वाढली, तर भट्टी आपली आपण पडते. चार-चार बंदोबस्त हायेत, निता."

"व्हय सर."

"मग चाचणी ठीक म्हणून लिही. दुपारी समिती गेली की खोलून साफ करू."

सर खोटं बोलत नव्हते. चारही बंदोबस्त खरेच होते. धोका होता तो नोंदवहीतल्या त्या एका शब्दात. निताने पेन उचललं. मी तिच्या हाताकडे बघत होतो. तिचा दोन वर्षांचा अभ्यास, ती जागा, तांड्यावरची ती विहीर, सगळं त्या पेनाच्या टोकाशी येऊन थांबलं होतं. आज चाचणी नापास लिहिली की नियमाप्रमाणे आज भट्टी चालू होणार नाही, म्हणजे तिची परीक्षाही नाही.

तिने लिहिलं: 'बटण दाबले. कांडी पडली नाही.' खाली सही केली आणि वही सरांपुढे सरकवली.

सरांनी वहीला हात लावला नाही. "तुला समजून राहिलं का, तू काय लिहिलंस?"

"जे झालं ते लिहिलं सर."

"पुढच्या वर्षी ही जागा राहणार न्हाई."

"माहीत हाय मला."

"मग काहून एवढी अडून राहिलीस?"

निताने पेनाला टोपण लावलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता. "आज मी इथं खोटं लिहिलं, तर उद्या मी 'पडली' म्हटल्यावर तुमी तरी विश्वास कसा ठेवाल?"

सरांनी हातातलं घड्याळ टेबलावर ठेवलं. ते खुर्चीत बसले.

तेवढ्यात सोनाजी आला. नागपूरहून रात्रभर प्रवास करून, आईला घरी सोडून, तसाच. त्याच्या हातात अजून प्रवासाची पिशवी होती. निताने त्याला काय झालं ते एका दमात सांगितलं. त्याने पिशवी खाली ठेवली, मुख्य वीज बंद आहे ना ते स्वतः बघितलं, आणि चार स्क्रू काढून माझं डोकं उचललं. कड्यावर वाळलेलं कुंकू होतं आणि कुंकवात चिकटलेला एक दाणा. सोनाजीने तो नखाने काढला. त्याची नजर एकदा खणाकडे गेली, जिथे त्याची वाटी कुलपात होती, आणि एकदा निताकडे.

दार उघडलं आणि समितीतल्या परीक्षक बाई आत आल्या. पांढरे केस, जाड चष्मा, हातात फाइल. त्यांच्या मागे आणखी दोघं. उशीर का होतोय ते बघायला त्या आल्या होत्या. उघडी नोंदवही त्यांनी उचलून वाचली.

"बटण का अडकलं?" त्यांनी विचारलं.

सोनाजीने मूठ मिटली. "कचरा होता मॅडम. साफ केला. चूक माझी हाय, देखभाल माझ्याकडे असते."

मी सोनाजीला सहा वर्षं ओळखत होतो. तोंडानं म्हटलं की हात खोटं करत नाही असं शिकवणारा माणूस तो, आणि आता तोच हात मिटून उभा होता. पोरीवर ठपका येऊ नये म्हणून तो स्वतःची नोकरी पुढे करत होता. मला त्याच्यावर मायाही आली आणि मी चिडलोही.

"मामा," निता म्हणाली. "मूठ उघडा."

"निता, तू गप बस."

"उघडा मामा. ती अक्षता माझी हाय." मग ती परीक्षक बाईंकडे वळली. "मॅडम, खंडेनवमीला बटणाची पूजा मी केली. मामा दरवर्षी वाटी झाकून जातात. या वर्षी वाटी न्हवती, तरी मी विचारलं न्हाई. ओलं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. यांची काही चूक न्हाई."

सोनाजीने मूठ उघडली. त्याच्या जाड तळहातावर तो लाल दाणा इतका बारीक दिसत होता की मागे उभ्या असलेल्या दोघांना पुढे वाकावं लागलं.

परीक्षक बाईंनी विचारलं, "आज सकाळची चाचणी कुणी केली?"

"मीच."

"आणि 'पडली नाही' हे कुणी लिहिलं?"

"मीच."

बाईंनी शेषराव सरांकडे बघितलं. वहीत दुसरी सही नव्हती, ती रिकामी जागा त्यांना दिसली होती. सर उभे राहिले, पेन घेतलं आणि निताच्या सहीशेजारी आपली सही केली. उशिरा केली, पण केली, एवढं मी त्यांच्या पदरात टाकतो.

"आज परीक्षा होणार नाही," परीक्षक बाई म्हणाल्या. "सुरक्षेच्या बटणावर न विचारता काही टाकलं, त्यामुळे या वर्षी परवाना मिळणार नाही. नियम आहे." मग त्यांनी तो दाणा एका कागदात पुडी करून फाइलमध्ये ठेवला. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "पुन्हा अर्ज करा. मी असेन तर मीच येईन."

त्या वर्षअखेर ती जागा विद्यापीठाने परत घेतली. निताला कनेरगाव नाक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी धरावी लागली. केंद्रात काही जण म्हणाले, पोरगी हट्टी निघाली, स्वतःच्या हाताने घालवलं. काही जण म्हणाले, ते बटणच अपशकुनी आहे, नवं बसवा. सोनाजीने मला बदलू दिलं नाही. "त्याच्यात खोट न्हाई. खोट आपल्यात होती," एवढंच म्हणाला, आणि माझ्या फटीला रबराची कडी बसवली. वाटी मात्र त्याने खणातून काढून टेबलाच्या कडेला साखळीने बांधून टाकली. दोन वर्षं मी दुसऱ्यांचे हात अंगावर घेतले. दाबलं, पडली, दाबलं, पडली. दर वेळी मला वाटायचं, तिचे ओठ कुठे आहेत?

१९९९ साली हिंगोली जिल्हा झाला आणि त्याच वर्षी केंद्रात पुन्हा एक जागा निघाली. निता आली. समितीत त्याच परीक्षक बाई होत्या. या वेळी निताने आधी माझ्या रबरी कडीभोवती बॅटरी मारून बघितलं, मग तळहात ठेवला. "दाबलं." नोंदवही घेऊन सोनाजी बसला होता. कांडी तळाला टेकली आणि तो 'पडली' म्हणाला. त्या दिवशी दुपारी तळाच्या पाण्यात निळा उजेड पडला तो तिच्या हाताने. नंतर ती नऊ वर्षं तिथे चालक होती. त्या नऊ वर्षांत तिने मला तीनदा खऱ्या कारणासाठी दाबलं. एकदा काटा खोटा निघाला, दोनदा खरा. तिन्ही वेळा मी क्षणाचाही उशीर केला नाही. मला मागचं फेडायचं होतं.

२००८ साली भट्टी बंद झाली. इंधन संपत आलं होतं, नवं मिळत नव्हतं, आणि विद्यापीठाला आता संगणकांच्या खोल्या हव्या होत्या. इंधनाच्या नळ्या काळजीपूर्वक पेटाऱ्यांत भरून दूर नेल्या. हौद रिकामा झाला. मला काढून वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि एका कपाटात टाकलं. कपाटात तुटलेली दिव्यांची बोंडं, गंजके चिमटे आणि मी. वर्षभर मला कुणी दाबलं नाही. मित्रांनो, गंजण्याची मला भीती नव्हती. मी अजून काम करतो की नाही हेच मला कळत नव्हतं, तो त्रास फार वाईट.

मग ठरलं की रिकाम्या इमारतीत मुलांसाठी विज्ञान दालन करायचं. नवे संचालक आले होते, उत्साही माणूस. त्यांनी माझ्यासाठी काचेची पेटी करवली. आत लाल मखमल, मधोमध मी, आणि बाहेर पितळी पाटी: 'हात लावू नये.' उद्घाटनाला पाहुणे येणार, माझी पूजा होणार आणि पेटीला कुलूप लागणार. हे ऐकून माझा जो संताप झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. सतरा वर्षं ज्याला रोज दाबलं, त्याला मखमलीवर निजवून काचेआड कोंडणार? यापेक्षा ते कपाट बरं होतं, तिथे निदान मला कुणी ओवाळत नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी निता आली. आता केसांत पांढरं आलं होतं आणि सगळे तिला मॅडम म्हणत होते. दालनाची जबाबदारी तिच्याकडेच होती. तिने पेटी उघडली आणि मला बाहेर काढलं. एका फळीवर मला बसवलं, मागून दोन तारा जोडल्या, त्या एका साध्या सेलला आणि विजेच्या चुंबकाला नेल्या. चुंबकाने एक लोखंडी कांडी धरून ठेवली, खाली काचेची उभी नळी. भट्टी नव्हती, पण माझं काम होतं तेच.

संचालक धावत आले. "मॅडम, हे काय? मुलं दाबून दाबून खराब करतील."

"खराब झालं तर कळेल तरी," निता म्हणाली. "काचेत ठेवलं तर तेही कळणार नाही."

"पण पाहुण्यांना काय दाखवायचं?"

"हेच."

तेवढ्यात पाहुणे आलेच. मागून हळदकुंकवाचं तबक आलं. मी पुन्हा ते बोट माझ्याकडे येताना बघितलं आणि मला सोमवारची ती सकाळ आठवली. पण गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. काठी टेकत, हळू चालत. सोनाजी. निवृत्त होऊन त्याला काही वर्षं झाली होती. भट्टी बंद झाल्यावर साखळी सोडवून घरी नेलेली ती स्टीलची वाटी त्याने खांद्यावरच्या कापडी पिशवीतून काढली आणि कुणालाही न विचारता माझ्यावर उपडी घातली.

"करा आता पूजा," तो म्हणाला.

पाहुण्यांनी हसून वाटीला कुंकू लावलं, अक्षता वाटीवर पडल्या. मग निताने वाटी उचलली, आणि शाळेच्या मुलांमधून एका मुलीला पुढे बोलावलं. ती कनेरगाव नाक्याच्या शाळेतली होती. निताने तिला सांगितलं, आधी मोठ्याने म्हणायचं, मग दाबायचं.

"दाबलं," ती मुलगी म्हणाली आणि तिने आपला छोटा तळहात माझ्यावर टाकला. टिकल्या वेगळ्या झाल्या. कांडी खणकन नळीच्या तळाला आपटली.

"पडली," सोनाजी म्हणाला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी इथे आहे. काच नाही, मखमल नाही. रोज सकाळी दालन उघडण्याआधी निता मॅडम मला एकदा दाबतात आणि एका शंभर पानी वहीत लिहितात. ती पितळी पाटी त्यांनी काढून टाकली. माझ्या डोक्याचा रंग बोटांनी घासून घासून फिका झालाय, आणि मला त्याचा अभिमान आहे.

मित्रांनो, तुम्ही इथे आलात तर मला हार घालू नका. माझ्यापुढे हात जोडून काही मागूही नका, माझ्याकडे द्यायला काही नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी असेल, ज्याच्यावर तुमचा भरवसा आहे, आणि कुणी कधी ते तपासलं नसेल. त्याला ओवाळण्याआधी एकदा दाबून बघा. मोठ्याने म्हणा, आणि दाबा. पडली तर 'पडली' लिहा. नाही पडली, तर कुणी कितीही डोळे वटारले तरी 'नाही पडली' असंच लिहा, आणि खाली आपलं नाव घाला.